टाकी भरलेली, तरी शॉवर कोरडा: पाइपात हवा धरली की काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. टाकी धुवायला काढली, किंवा पाणीकपातीच्या दिवशी ती पार तळाला गेली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं, टाकी काठोकाठ भरली, घरभर नळ सुरू झाले. पण वरच्या मजल्यावरच्या एका बाथरूममध्ये शॉवर दोनदा फुरफुरतो आणि गप्प होतो. त्याच बाथरूममधला खालचा नळ मात्र चालतो. काही घरांत थंड पाणी येतं, गरम येत नाही. प्लंबर येतो, काहीतरी खटपट करतो, पाणी सुरू होतं. पुढच्या वेळी टाकी रिकामी झाली की पुन्हा तेच.

यावर प्रेशर पंप बसवून घ्या, असं सर्रास सुचवलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की पंपावर पैसे घालण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन टाकीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप कुठे चढतो आणि कुठे उतरतो ते डोळ्यांनी बघावं. दहातली बरीच घरं अशी निघतील की जिथे दाब पुरेसा आहे, पण तो वाटेत एका ठिकाणी अडकून पडतोय.

हवाच धरली आहे ना, याची खात्री

एकच नळ बारीक झाला असेल आणि शेजारचा जोरात चालत असेल, तर आधी त्या नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा. बोअरचं पाणी असेल तर तिथे क्षाराचा थर बसलेला असतो. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवली की सुटतो. धार महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत गेली असेल तर बहुधा पाइपातच क्षार साचलेत. हवेचं तसं नसतं. काल व्यवस्थित होतं आणि आज नाही, असा तो प्रकार असतो, आणि त्याआधी टाकी रिकामी झालेली असते किंवा लाइनवर काहीतरी काम झालेलं असतं. नळ उघडल्यावर फुसफुस आवाज येतो, थोडं पाणी थुंकल्यासारखं येतं आणि थांबतं. नळ बंद करून काही वेळाने पुन्हा उघडला तर क्षणभर बरी धार येते, मग पुन्हा मंदावते. दबलेली हवा सैल होताना तेवढं पाणी पुढे ढकलते, म्हणून हे होतं.

सगळ्यात बोलकी खूण मात्र वर सांगितलेली: खालचा नळ चालतो, त्याच लाइनवरचा शॉवर चालत नाही. ही खूण दिसली की मला फारशी शंका उरत नाही. का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण उपाय त्यातूनच निघतो.

चढताना गेलेला दाब उतरताना परत मिळायला हवा

टाकीतलं पाणी नळापेक्षा जितकं उंच, तितका नळाला दाब. 10 मीटर उंचीला साधारण वातावरणाएवढा, म्हणजे 1 बार. पाइप मध्येच वर चढला तर चढताना दाब कमी होतो, पण पलीकडे तेवढाच खाली उतरला की तो पुन्हा भरून येतो. म्हणून पाइप पाण्याने पूर्ण भरलेला असेल, तर तो कितीही वेडावाकडा गेला तरी हिशेब टाकी आणि नळ या दोन टोकांच्या उंचीचाच राहतो. वळणांत आणि घर्षणात जातो तेवढाच तोटा.

आता समजा, पाइप पॅरापेटवरून, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरून, उलट्या यू आकारात गेला आहे आणि पलीकडच्या उतारात हवा अडकली आहे. पाणी चढाच्या बाजूने वर येतं, माथ्यापर्यंत पोचतं. चढण्याची किंमत पूर्ण मोजून झाली. पण उतारात पाणी नाही, हवा आहे. हवा पाण्यापेक्षा सुमारे 800 पटींनी हलकी, त्यामुळे तिच्या वरच्या टोकाला जेवढा दाब, जवळजवळ तेवढाच खालच्या टोकाला. उतरताना जे परत मिळायला हवं होतं ते मिळतच नाही. तोटा किती? उतारात उभी जेवढी हवा, तेवढ्या उंचीच्या पाण्याचा. यात पाइपाच्या जाडीचा किंवा लांबीचा संबंध नाही, फक्त उभ्या उंचीचा.

आकडे घालून बघू. बाथरूमच्या फरशीपासून मोजलं तर गच्चीचा स्लॅब साधारण 3 मीटरवर, त्यावर 1 मीटरच्या स्टँडवर टाकी, टाकीत अर्धा मीटर पाणी. म्हणजे पाण्याची पातळी फरशीपासून 4.5 मीटर. शॉवर 2.1 मीटरवर, म्हणून त्याला मिळणारी उंची 2.4 मीटर. खालचा नळ 0.6 मीटरवर, त्याला 3.9 मीटर. पाइप पॅरापेटवरून जाताना 4.2 मीटरपर्यंत चढतो आणि बाहेरच्या भिंतीवरून खाली 1 मीटरपर्यंत उतरून आत शिरतो. या 3.2 मीटरच्या उतारात 2.5 मीटर हवा अडकली तर शॉवरच्या 2.4 मधून 2.5 वजा. हातात काही उरत नाही, शॉवर कोरडा. खालच्या नळाच्या 3.9 मधून 2.5 गेले तरी 1.4 मीटर उरतात, म्हणून तो चालतो. टाकी काठोकाठ भरली की कधीकधी शॉवर अचानक सुरू होतो आणि पातळी उतरली की बंद पडतो, त्याचं कारणही हेच. वजाबाकी शून्याच्या या बाजूला आहे की त्या बाजूला, एवढाच प्रश्न असतो.

तळमजल्यावर हा त्रास जवळपास नसतो, कारण तिथे उंचीची चैन असते. वरच्या मजल्याला गच्चीची टाकी सगळ्यात जवळ, म्हणून दाब सगळ्यात कमी. पहिल्या मजल्यावरच्या माणसाला पाइपातला बुडबुडा जाणवतही नाही आणि चौथ्या मजल्यावरच्याची आंघोळ अडते.

गवंडी लेव्हल घेताना पाणी भरलेल्या पारदर्शक नळीत बुडबुडा राहू देत नाहीत, नळी झटकून, टिचकी मारून तो घालवतात, ते याच नियमामुळे. नळीच्या उभ्या भागात नळी पूर्ण अडवणारा 2 सेंटिमीटरचा बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी बरोबर 2 सेंटिमीटरने चुकते.

बुडबुडा वाहून का जात नाही

पाणी खाली जातंय, मग हवेलाही सोबत घेऊन जाईल, असं वाटतं. पण उभ्या पाइपात बुडबुडा स्वतःच्या जोरावर वर चढत असतो. मोठा, नळी भरून टाकणारा बुडबुडा किती वेगाने चढतो याचा हिशेब आर. एम. डेव्हिस आणि जी. आय. टेलर यांनी 1950 मध्ये मांडला. तो वेग पाइपाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा इंची पाइपात साधारण सेकंदाला 13 सेंटिमीटर, एक इंची पाइपात 17. पाणी याहून वेगाने खाली गेलं तरच हवा खाली ढकलली जाते, नाहीतर ती जागच्या जागी राहते किंवा पुन्हा माथ्यावर जाऊन बसते.

घरात मोजता येईल अशा भाषेत सांगायचं तर अर्धा इंची लाइनला मिनिटाला दीड लिटरच्या वर आणि एक इंची लाइनला 5 लिटरच्या वर धार हवी. म्हणजे एक इंची लाइनवर 15 लिटरची बादली 3 मिनिटांच्या आत भरली पाहिजे. भरत नसेल तर नळ तासभर सोडून ठेवला तरी हवा निघणार नाही, पाणी मात्र वाया जाईल. पाइप सरळ उभा उतरत नसेल, तिरका असेल, तर आणखी जोर लागतो, कारण बुडबुडा वरच्या अंगाला चिकटतो आणि पाणी त्याच्या खालून निघून जातं. जाडा पाइप टाकला की सगळं सुरळीत होईल, असं बरेच जण म्हणतात. हवेच्या बाबतीत जाडा पाइप उलट जास्त हट्टी असतो.

आत्ता पाणी सुरू करायला

पहिलं काम, टाकी निदान अर्ध्याच्या वर भरू द्या. पातळी जितकी जास्त तितका हवेला धक्का जास्त.

मग त्या लाइनवरचा सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा. कमोडजवळचा, वॉशिंग मशीनचा, जो सगळ्यात खाली असेल तो. वरच्या उदाहरणात बघितलं तसं, शॉवर मेलेला असतानाही खालच्या नळाकडे उंची शिल्लक असते, आणि तिच्या जोरावर हवा खाली खेचून बाहेर काढता येते. धार थुंकत, अडखळत येईल. ती सलग आणि काचेसारखी झाली की हवा गेली. त्यानंतर शॉवर उघडा. अनेकजण नेमकं उलट करतात: शॉवर बंद म्हणून शॉवरच उघडून वाट बघत बसतात.

एवढ्याने भागलं नाही तर मिक्सरचा, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाचा, उपाय. एका लाइनमध्ये हवा आहे (बहुतेक वेळा गरम) आणि दुसरी व्यवस्थित आहे, अशा वेळी मिक्सरचं तोंड तळहाताने किंवा रबराच्या तुकड्याने घट्ट दाबून धरायचं आणि गरम-थंड दोन्ही पूर्ण उघडायचे. बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे थंड पाण्याचा पूर्ण दाब गरम लाइनमध्ये उलटा शिरतो आणि हवेला आली त्या वाटेने वर रेटतो. इथे बुडबुड्याचा स्वतःचा वर चढण्याचा कलही आपल्याच बाजूने काम करतो, म्हणून हा उपाय बरेचदा पहिल्यापेक्षा लवकर लागू पडतो. वर टाकीत बुडबुडे आल्याचा आवाज ऐकू आला की झालं. हे करताना गिझर बंदच हवा. सोलर असेल तर पहाटे, पाणी सगळ्यात कमी गरम असताना करा, कारण हवा सुटताच हातावर कढत पाणी येऊ शकतं. गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर पाणी उलटं जाणार नाही, मग हा मार्ग बंद.

कॉर्पोरेशनच्या थेट लाइनला होज लावून तिच्या दाबाने हवा काढण्याचा सल्लाही मिळतो. तो मानू नका. मधेच पुरवठा बंद झाला तर घरातलं पाणी उलटं सार्वजनिक लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं. आणि तोंडाने पाणी ओढून लाइन सुरू करणं तर गरम किंवा साचलेल्या पाण्याच्या बाबतीत धोक्याचंच.

हवा येते कुठून

टाकी पूर्ण रिकामी होणं हे उघड कारण. पण टाकी रिकामी न होताही हवा शिरते. पाणी तळाजवळ आलं की बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडावर भोवरा धरतो आणि त्याच्या मधल्या पोकळीतून हवा थेट पाइपात ओढली जाते. बाथरूमच्या बादलीला खाली भोक असेल तर हे सहज दिसेल.

दुसरं कारण जास्त लपलेलं. पाइपाचा माथा टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर गेला की माथ्यावरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. वरच्या उदाहरणात माथा 4.2 मीटरवर आणि टाकीचा तळ 4 मीटरवर आहे. म्हणजे टाकीत 20 सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उरलं की पॅरापेटवरचा एल्बो आत ओढायला लागतो. पाण्याचा थेंबही न गळणारा जोड अशा वेळी हवा आत घेऊ शकतो, आणि बाहेर ओल नसल्याने कुणाला कळत नाही. वाहतं पाणी असताना घर्षणानेही दाब घटतो, म्हणून तळमजल्यावर दोन-तीन नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावरचा उघडा नळ पाणी द्यायच्या ऐवजी सूं करून हवा ओढतो. सामायिक डाउनटेक (टाकीतून सगळ्या मजल्यांसाठी खाली उतरणारा एकच पाइप) असलेल्या जुन्या इमारतींत हे नेहमीचं आहे. यातच एक आरोग्याचा मुद्दा आहे: वरच्या मजल्यावर होजचं टोक बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडालेलं असेल तर ते पाणी लाइनमध्ये ओढलं जाईल. टोक नेहमी पाण्याच्या वर ठेवा.

तिसरं कारण गरम पाण्याचं. पाण्यात हवा विरघळलेली असते. 20 अंशाला लिटरमध्ये साधारण 19 मिलिलिटर, 60 अंशाला साधारण 12. म्हणजे सोलरमध्ये 100 लिटर पाणी तापलं तर पाऊण लिटरच्या आसपास हवा सुटू शकते. अर्धा इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये सुमारे 180 मिलिलिटर मावतं. तेव्हा एका दिवसाच्या उन्हात सुटलेली हवा, सगळी एकाच कुबडात (पाइप वर चढून पुन्हा उतरतो त्या उंचवट्यात) जमली तर, साडेतीन मीटर पाइप अडवायला पुरेशी आहे. सोलरची लाइन वारंवार का अडते आणि थंडीची का नाही, याचं उत्तर यात आहे. टाकी एकदाही रिकामी झालेली नसते, तरी.

पुन्हा होऊ नये म्हणून

कायमचा उपाय दोन गोष्टींचा: कुबड काढणं आणि हवेला वाट देणं. दोन्हींत पहिली गोष्ट महत्त्वाची.

पाइप पॅरापेटवरून नेण्यापेक्षा पॅरापेटच्या पायथ्याशी, स्लॅबच्या वर, भोक पाडून आरपार न्यावा. भोक वॉटरप्रूफिंगच्या थराला धक्का न लावता आणि नंतर नीट बुजवून. गच्चीवरून जाणाऱ्या आडव्या पाइपाला टाकीकडून बाथरूमकडे सलग हलका उतार द्या, मीटरला एक सेंटिमीटर पुरे. मग बुडबुडे आपोआप टाकीकडे परत जातात. मधे दार आहे, कुणी अडखळेल म्हणून पाइप उचलून घेतला, किंवा आधाराच्या विटा कमी-जास्त झाल्या, की नकळत कुबडं तयार होतात. प्लास्टिकचा पाइप उन्हाने तापून दोन आधारांच्या मधे लोंबतो, तेही बघा.

व्हेंट पाइप, म्हणजे हवेसाठीचा उघड्या तोंडाचा उभा पाइप, टाकीच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर, गेट व्हॉल्व्हच्या पुढे घ्यायचा आणि टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा निदान वीतभर वर न्यायचा. कमी उंच ठेवला तर टाकी भरताच त्यातून पाणी वाहील, कारण जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला येतं. तोंड खाली वळवा आणि त्याला बारीक जाळी बांधा, नाहीतर डासांना वाट मिळते. हा पाइप असला की व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी होतानाही हवा इथून शिरते आणि भरताना इथूनच निघते. खालच्या मजल्यांनी पाणी ओढलं तरी वरच्यांचे नळ हवा खेचत नाहीत.

कुबड टाळता येतच नसेल तर माथ्यावर व्हेंट द्या, पण आधी तपासा: माथा टाकीतल्या सगळ्यात कमी पातळीच्याही खाली आहे का? तो वर असेल तर तिथे दिलेला व्हेंट हवा बाहेर सोडण्याऐवजी आत घेईल आणि पाणी थांबेल. आपोआप हवा सोडणारे छोटे व्हॉल्व्ह मिळतात, त्यांनाही ही अट लागू आहे. ते बसवूनही त्रास वाढला, असं सांगणाऱ्यांच्या घरी माथ्याची उंची मोजून बघावी.

सोलरच्या गरम टाकीचा व्हेंट थंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा उंच असावा लागतो आणि तो कधीही बुजवायचा नाही. त्यातून वाफ येते किंवा थेंब गळतात म्हणून बूच मारलेलं दिसतं. असं केल्यावर हवा लाइनमध्ये जातेच, शिवाय थंड पाणी बंद असताना कुणी गरम नळ उघडला तर आत पोकळी होऊन टाकी चेपू शकते.

प्रेशर पंपाबद्दल. पंप कुबडाच्या आधी, टाकीलगत बसवला तर तो हवा पुढे रेटून काढतो, हे खरं. कुबडाच्या नंतर बसवला तर कुबडावरचा दाब आणखी कमी होऊन हवा जास्त शिरते. आणि पंपातच हवा शिरली तर तो नुसता फिरत राहतो, कारण सेंट्रिफ्युगल पंप पाण्याला 20 मीटर चढवण्याइतका दाब देत असेल तर हवेने भरल्यावर त्याचा दाब जेमतेम अडीच सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. विहिरीवरच्या मोटरीत सुरू करण्याआधी पाणी भरावं लागतं ते याचसाठी, आणि दर वेळी भरावं लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह (पाणी परत खाली जाऊ न देणारी, पाइपाच्या तळाची झडप) गळतोय.

झऱ्यावरून वाडीपर्यंतचा पाइप

डोंगरातल्या झऱ्यावरून काळा पाइप टाकून वाडीत किंवा बागेत पाणी आणणाऱ्यांना हाच त्रास मोठ्या प्रमाणावर होतो. तिथे एक कुबड नसतं, जमीन वर-खाली होते तितकी असतात, आणि तोटे एकमेकांत मिळवले जातात. सहा उतारांत प्रत्येकी 2 मीटर हवा असेल तर 12 मीटरचा तोटा. झरा 12 मीटर उंच असूनही खाली थेंब येत नाही, आणि लोक पाइप कुठे फुटला ते शोधत डोंगर चढतात.

उंच जागी खिळ्याने बारीक भोक पाडून हवा सोडण्याची पद्धत आहे. ती तात्पुरती चालते. पण खालचं तोंड उघडं ठेवून पाणी जोरात वाहू लागलं की घर्षणाने दाब घटतो आणि तेच भोक हवा आत घेऊ लागतं. त्यापेक्षा प्रत्येक माथ्यावर टी बसवून छोटा कॉक द्यावा. हवा काढताना खालचं तोंड बंद ठेवायचं, म्हणजे पाणी स्थिर राहतं आणि प्रत्येक माथ्यावर झऱ्याच्या उंचीचा जास्तीत जास्त दाब मिळतो. झऱ्याकडचा पहिला कॉक आधी उघडायचा, हवा जाऊन सलग पाणी आलं की बंद करायचा, मग दुसरा, मग तिसरा, असं खाली यायचं. उलट क्रमाने गेलात तर वरची हवा अजून दाब अडवून बसलेली असते आणि खालच्या कॉकपर्यंत पाणी पोचतच नाही. शेवटचा कॉक बंद झाल्यावर वाडीतलं तोंड हळूहळू उघडा.